फ्लॅट बघणारा माणूस कधी बदलावा

आमचा वाकडचा फ्लॅट भाड्याने दिलेला आणि आम्ही बंगळुरूत. भाडेकरू शोधणं, करार, किल्ल्या, नळ गळला तर प्लंबर, सगळं एक एजंट बघायचा. बोलायला गोड, फोन लगेच उचलणारा, भाडंही वेळेवर जमा. भाडेकरू मात्र दर अकरा महिन्यांनी बदलायचा. हिंजवडीतल्या आयटीवाल्यांचं असंच असतं, असं तो सांगायचा आणि ते पटण्यासारखंही होतं.

एकदा घर सोडून चाललेल्या भाडेकरूबाईंनी आवर्जून फोन केला. "काका, तुम्ही घर विकताय म्हणून निघालो, नाहीतर मुलीची शाळा इथून चालत जाण्यासारखी होती." विकायचं आमच्या मनातही नव्हतं. आम्हाला सांगितलं गेलं होतं, त्यांची बदली झाली! नवा भाडेकरू आला की एजंटला दोन्हीकडून दलाली मिळते. जुनाच राहिला तर करार नव्याने करण्याचे थोडेफार पैसे. चांगलं कुटुंब उठवण्यात त्याचा फायदा होता आणि मधल्या रिकाम्या महिन्याचं नुकसान आमचं.

म्हणून माझं पहिलं सांगणं: भाडेकरूशी थेट ओळख ठेवा. दिवाळीला एक फोन पुरतो. एजंट जर "भाडेकरूला तुमचा नंबर देऊ नका, उगाच त्रास देतील" असं वारंवार सांगत असेल, तर दुसरा माणूस शोधायला लागा.

कागदांच्या बाबतीत तर मी आता एक दिवसही थांबणार नाही. त्या फोननंतर आम्ही कराराची प्रत मागितली. आज पाठवतो, उद्या पाठवतो करत हाती आली ती नुसती नोटरी केलेली. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल, तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध करणं आपल्यावर येतं. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. एजंटचं नाव त्यात कुठेच येत नाही. नोंदणी झालेल्या कराराचा इंडेक्स टू निघतो. तो मागा. टाळाटाळ झाली तर समजा, नोंदणीच झालेली नाही. भाडेकरूची माहिती पोलिसांना दिल्याची पोचही अशीच हातात हवी.

महावितरणचं बिल हा आणखी एक चांगला साक्षीदार. ग्राहक क्रमांक टाकला की कुठूनही दिसतं. घर रिकामं आहे असं सांगितलेल्या महिन्यात दीड-दोनशे युनिट जळले असतील, तर त्या घरात कोणीतरी राहिलेलं आहे.

प्लंबर चार दिवस उशिरा आला किंवा ऐन पावसाळ्यात घर महिनाभर रिकामं राहिलं, म्हणून मात्र माणूस बदलू नये. तसं कुणाच्याही हातून होतं. भाडं आधी त्याच्या खात्यात जाऊन मग आपल्याकडे येत असेल, किंवा अनामत रक्कम त्याच्याकडेच पडून असेल, तर ती व्यवस्था तेवढी ताबडतोब मोडा. दोन्ही थेट मालकाच्या खात्यात यायला हवीत. यावर तो कुरकुरला, तर निर्णय सोपा झाला.

शक्यतो करार संपताना बदल करा, म्हणजे अनामतीचा हिशेब नव्या माणसासमोर होतो. भाडेकरूला आणि सोसायटीच्या सेक्रेटरींना लेखी कळवा की आजपासून अमुक व्यक्ती आमच्या वतीने बोलणार नाही. हे पत्र राहून जातं आणि जुना एजंट पुढेही गेटवर "मालकाचा माणूस" म्हणून वावरत राहतो. मुखत्यारपत्र दिलं असेल तर ते रद्द करा. नोंदणीकृत असेल तर रद्द केल्याचा दस्तही दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवा आणि त्याची प्रत एजंटला स्पीड पोस्टाने पाठवा. किल्ल्या परत मिळाल्या तरी मुख्य दाराचं कुलूप बदलाच. सेटची दुसरी किल्ली कुणाकडे आहे हे आपल्याला कधीच कळत नाही.