खोडावरच्या चट्ट्यांवरून हवा कळते का?

प्रश्न : घरासमोरच्या आंब्याच्या खोडावर राखाडी-हिरवट चट्टे आले आहेत. शेजारी म्हणतात, रोग आहे, खरवडून काढा. कुणी म्हणतं, असे चट्टे म्हणजे शुद्ध हवेची खूण. खरं काय?
– एक वाचक, हिनकल, म्हैसूर

उत्तर : कृपा करून खरवडू नका. ते शैवाक आहे. बुरशी आणि शैवाल एकत्र नांदून झालेला जीव. गोड्या मसाल्यातलं दगडफूल याच गोतातलं. तुमच्याकडे दुकानात ते कल्लुहूवु म्हणून मिळतं. शैवाक खोडावर नुसतं बसतं, झाडाचा रस शोषत नाही. सुकलेल्या चट्ट्यावर पाण्याचे चार थेंब टाका. वरचा थर पारदर्शक होऊन आतलं शैवाल दिसू लागतं आणि राखाडी रंग पाहता पाहता हिरवा होतो.

हवेचा संबंध खरा आहे. शैवाकाला मुळं नाहीत आणि पानांवर असतो तसा मेणचट थरही नाही. पाऊस, धुकं, धूळ यांतून मिळेल ते सगळ्या अंगाने शोषायचं, त्यामुळे विषही आत जातं. सल्फर डायऑक्साइडने शैवालातलं हरितद्रव्य नासतं. पॅरिसच्या बागेतल्या शैवाकांवरून विल्यम नायलँडर यांनी १८६६ मध्येच हवेचा अंदाज बांधला होता. १९७० मध्ये हॉक्सवर्थ आणि रोझ यांनी इंग्लंड-वेल्ससाठी खोडावरच्या जातींवरून हवा मोजायची पट्टीच तयार केली.

मात्र शैवाक दिसलं की हवा शुद्ध, असा निकाल देऊ नका. पिक्सीन कोकोस ही चिवट जात वर्दळीच्या रस्त्याकडेलाही तग धरते. ती जड धातू साठवते, म्हणून आपल्याकडचे संशोधक प्रदूषण मोजायला तीच वापरतात. उलट, कोडगूच्या रानात दाढीसारखं लोंबणारं उस्निया हिनकलला नाही, एवढ्यावरून तुमची हवा वाईट ठरत नाही. कोडगूचा पाऊस आणि धुकं तुमच्याकडे कुठे? जंगलातही हाच पेच असतो. झाडं तुटून ऊन आत शिरलं की हवा स्वच्छ असूनही सावलीतल्या जाती जातात.

म्हणून तुलना करा. हुणसूर रस्त्यालगतचा एक आंबा आणि कुक्करहळ्ळी तळ्याकाठचा, साधारण त्याच घेराचा दुसरा आंबा निवडा. भिंगातून जाती मोजा. पापुद्र्यासारख्या, पानासारख्या, झुडपासारख्या वेगळ्या लिहा. निलगिरी मात्र घेऊ नका. तिची साल सोलवटून गळते, शैवाकाला बस्तान बसवायला वेळच मिळत नाही.