गॅस संपत नाही, गळतो

विट्यातून कापडाच्या गाठी भरून मी भिवंडीला जातो. गाडी दहाचाकी, सेकंडहँड घेतलेली. केबिनमधला एसी आधीच्या मालकाने मागाहून बसवून घेतला होता. पहिल्याच उन्हाळ्यात वारा गरम यायला लागला, तेव्हा हायवेवरच्या एकाने गॅस भरून दिला. महिनाभर गारवा, पुन्हा तेच. पुन्हा भरला. जुनी गाडी गॅस पिणारच, असं त्याने सांगितलं आणि मी ऐकलं.

तिसऱ्या खेपेला दुसऱ्या एकाने निम्म्या पैशांत काम केलं. त्यानंतर एका पहाटे केबिनचं दार उघडलं, तर शेगडी चालू राहिल्यासारखा वास. देवाच्या फोटोपुढे उदबत्ती लावायला काडेपेटी हातातच होती. काडी ओढली नाही, म्हणून आज हे सांगतोय.

त्याने स्वयंपाकाच्या सिलिंडरमधला गॅस भरला होता. त्यानेही गारवा येतो, म्हणून शंका येत नाही. पण तो पेट घेतो, आणि हवेपेक्षा जड असल्याने केबिनच्या तळाशी साचून राहतो. गाड्यांच्या एसीत सर्रास वापरला जाणारा आर-१३४ए असा भडकत नाही.

एसीचा गॅस डिझेलसारखा जळून संपत नाही. तोच गॅस बंद नळ्यांतून फिरत राहतो. कमी झाला तर कुठेतरी गळती आहे, आणि गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही बाहेर जातं.

शेवटी विट्यातल्या एका जाणत्या मिस्त्रीकडे गेलो. त्यांनी आधी उरलेला गॅस मोकळ्या पटांगणात, आग-ठिणगीपासून लांब काढला. मग नायट्रोजनचा दाब देऊन सांध्यासांध्यावर साबणाचा फेस लावला. बाहेर कुठेच बुडबुडा नाही. डॅशबोर्ड खोलल्यावर कूलिंग कॉइल सापडली: मागाच्या शेडजवळ गाडी उभी असते, तिथला तूस आणि धूळ ओली होऊन कॉइलवर थापली गेली होती, खालून अॅल्युमिनियम खाल्लं होतं. म्हणजे गळती थेट केबिनमध्येच. कॉम्प्रेसरमध्ये तेल नावालाच उरलेलं. कॉइल, ड्रायर, सगळ्या ओ-रिंग नव्या घातल्या, तेल मोजून टाकलं. पाऊण तास व्हॅक्यूम ओढून पंप बंद केला, काटा हलत नाही हे मला दाखवलं, आणि मगच वजन करून गॅस भरला. खर्च झाला, पण तीन वेळा वाया घालवलेले पैसे मला जास्त लागले.

१ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या ट्रकांना केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला आहे. आपल्या जुन्या गाड्यांचं आपल्यालाच बघायचं आहे. गळती न शोधता जो गॅस भरायला निघतो, त्याच्या हातात गाडी देऊ नका. डबा कुठला आहे, डोळ्यांनी बघा.

आणि जुनी गाडी नुकतीच घेतली असेल, आत कोणता गॅस आहे ठाऊक नसेल, तर मिस्त्रीला ते आधीच सांगा. सिस्टिम रिकामी होईपर्यंत त्याने जवळपास वेल्डिंग पेटवू नये.