नातवंडांच्या कानी मराठी : बडबडगीतांचा उपयोग



एजवेअरमधील आजी-आजोबांची एक तक्रार आमच्या कानी वारंवार येते. नातवंडांस मराठी थोडेफार कळते, पण 'बाळ'चे 'बाल' होते आणि 'ताक' व 'टाक' त्यांना सारखेच ऐकू येतात. यात मुलांचा दोष नाही. जॅनेट वर्कर व रिचर्ड टीस यांनी १९८४ साली कॅनडात दाखविले की, इंग्रजी घरातील सहा-आठ महिन्यांच्या बाळांस हिंदीतील 'त' व 'ट' यांतील फरक ओळखता येतो. दहा-बारा महिन्यांची झाली की बहुतेकांस तो येईनासा होतो. मराठीतही हीच जोडी आहे. तेव्हा 'बोलू लागला की शिकवू' म्हणणे म्हणजे उशीर करणे होय.

या वयास बडबडगीतासारखे साधन नाही. तोच शब्द पुनःपुन्हा येतो, ठेक्यावर टाळी पडते, सूर लांबतो. पावसाला पैसा देऊ करणारे गाणे किंवा चांदोबाला झाडामागे शोधणारे गाणे कोणाला येत नाही? अगदीच आठवत नसेल तर १८८० पासून आपल्या समाजात होत आलेल्या कीर्तनांतले एखादे ध्रुपद म्हणावे. बाळाला अर्थाशी कर्तव्य नसते.

मात्र गाणारे माणूस समोर हवे. २००३ साली अमेरिकेत पॅट्रिशिया कूल यांच्या प्रयोगात नऊ महिन्यांच्या बाळांशी चिनी भाषिक व्यक्ती बारा बैठकांत बोलल्या, खेळल्या; त्या बाळांस चिनी ध्वनी ओळखता आले. तेच चित्रफितीवर दाखविले तेव्हा लाभ झाला नाही. अश्दोदच्या मावशीला फोनवर जरूर गाऊ द्यावे, पण घरातही कोणी गायला हवे.

मराठीमुळे शाळेतले इंग्रजी मागे पडेल, अशी भीती काही सुना बोलून दाखवितात. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ६४ मुलांचा अभ्यास १९८९ साली प्रसिद्ध केला. ज्यांना तिसऱ्या वर्षी अधिक बालगीते येत होती, ती सहाव्या वर्षी वाचनात पुढे होती. ती गीते इंग्रजी होती हे खरे. पण यमक ओळखणारा कान दोन्ही भाषांना एकच, असे आमचे मत आहे. वाचनालयातील इंग्रजी गाण्यांच्या वर्गालाही खुशाल न्यावे.

लंगोट बदलताना रोज एकच गाणे म्हणावे, बाळाला आपले ओठ दिसतील असे. दीड-दोन वर्षांनंतर ओळीचा शेवटचा शब्द गाळून थांबावे आणि मनात पाचपर्यंत मोजावे. मूल अर्धाच शब्द बोलले तर हसू नये, रागावू नये. आपण तो पूर्ण म्हणून पुढची ओळ घ्यावी.