रशियन कार्ड वाचायचं कसं

बाबू, जुनं रशियन सर्किट कार्ड हातात आलं की मीटर बाजूला ठेव आणि आधी भिंग घे. त्यावरच्या भागांवर बहुतेक सगळं लिहिलेलं असतं, पण अक्षरं इंग्रजीसारखी दिसतात आणि तिथंच घात होतो. पी दिसला तर तो र. सी दिसला तर स, बी दिसला तर व, एच दिसला तर न, वाय दिसला तर उ. दाराच्या चौकटीसारखं अक्षर म्हणजे प, आणि उलटा एन म्हणजे इ. एवढी अक्षरं एका संध्याकाळी पाठ होतात. ती न शिकता डाख सोडवायला बसशील तर चांगला माल वाया जाईल.

एक उदाहरण देतो. डायोडवर 'केसी १५६' दिसेल. तो केएस आहे. 'के' म्हणजे सिलिकॉन, 'एस' म्हणजे झेनर, आणि ५६ म्हणजे ५.६ व्होल्ट. तसाच केएस १३३ हा ३.३ व्होल्टचा. पुस्तक न उघडता भाग ओळखता आला की नाही? केडी म्हणजे सिलिकॉन डायोड, केटी म्हणजे सिलिकॉन ट्रान्झिस्टर. 'के'च्या जागी 'जी' किंवा १ असेल तर माल जर्मेनियमचा.

रेझिस्टन्सवर रंगाचे पट्टे शोधत बसू नको, एमएलटी जातीवर किंमत आकड्यांतच छापलेली असते. ४के७ म्हणजे ४.७ किलोओहम. के४७ म्हणजे ४७० ओहम, काहून की अक्षर दशांशाच्या जागी बसतं. कंडेन्सरवर ६एच८ दिसलं तर तो एच म्हणजे न, नॅनो, म्हणून ६.८ नॅनोफॅरड. इलेक्ट्रोलिटिकवर आपल्याला ऋण टोकाचा पट्टा पाहायची सवय. रशियन के५०-६ वर मात्र धन चिन्ह छापलेलं असतं. इथं घाई करशील तर कंडेन्सर फुटेल. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो, अशा उन्हाळ्यात पत्र्याखाली पडलेल्या कार्डावरचे इलेक्ट्रोलिटिक सुकलेलेच असणार असं धरूनच चाल.

चार सुटे आकडे दिसले तर ते भागाचं नाव समजू नको. ०३८४ किंवा ८४०३ ही बहुधा तयार झाल्याची तारीख असते. बाजूला समभुज चौकोनाचं चिन्ह असेल तर तो फौजेच्या तपासणीतून पास झालेला माल, जपून ठेव.

आता केटी ३१५. चपटा, बारका, पिवळा-नारिंगी तुकडा. नाव पूर्ण लिहायला जागाच नाही, म्हणून त्यावर एकच अक्षर. अक्षर डाव्या कोपऱ्यात असेल तर ३१५, एनपीएन. मधोमध असेल तर ३६१, पीएनपी. अक्षर आपल्याकडं आणि पाय खाली धरले की डावीकडून एमिटर, कलेक्टर, बेस. बदली म्हणून आपला बीसी ५४७ चालतो बहुतेक जागी, पण त्याचा मधला पाय बेस आहे, तेव्हा पाय वळवल्याशिवाय बसवू नको. ३१५च्या अक्षरानुसार व्होल्ट बदलतात, तेही पाह्य.

पत्र्याच्या टोपीतले एमपी ३९ ते ४२ हे जर्मेनियमचे पीएनपी. त्यांना उष्णता सोसत नाही, डाख देताना पाय चिमट्यात धर. अशा कित्येक सर्किटांत बॅटरीचं धन टोक जमिनीला असतं, मीटरची काळी तार सवयीनं लावू नको.

आयसी सोपे. के१५५ म्हणजे आपली ७४ मालिका, एलए३ म्हणजे ७४००, टीएम२ म्हणजे ७४७४. के५६१ म्हणजे सीमॉस. पण पायांतलं अंतर २.५ मिलिमीटर, आपल्या सॉकेटचं २.५४. चौदा पायांत ते खपतं. चाळीस पायांच्या आयसीत मात्र टोकाला पाऊण मिलिमीटरचा फरक पडतो, जबरदस्ती केली तर पाय मोडतो.

आकडे उजळणाऱ्या नळ्यांचं घड्याळ करायचा नाद असणाऱ्या कॉलेजच्या पोरांना सांग: आयएन-१२ नळीतला ५ म्हणजे उलटा लावलेला २ आहे, तो पाहून नळी लगेच ओळखता येते. पेटायला सुमारे १७० व्होल्ट लागतात, एक हात खिशात ठेवून काम कर.

हा माल आपल्या राज्याला परका नाही. पवईची आयआयटी १९५८ साली युनेस्कोमार्फत सोव्हिएत मदतीनं उभी राहिली, तिथं मिन्स्क-२ संगणक चालला. ओझरला मिग-२१ बनले. त्या पिढीतल्या लोकांनी ही अक्षरं कामापुरती शिकून घेतली होती. आज अकोल्यात काय, अमरावतीत काय, असं कार्ड भंगारात निघालं तर त्यावरचे हिरवे-नारिंगी केएम कंडेन्सर पॅलेडियमसाठी उपटले जातात आणि उरलेलं कार्ड फेकून देतात. हे मला पटत नाही. किलोच्या भावात देण्याआधी दोन्ही बाजूंचे स्पष्ट फोटो काढ, भागांची नावं वहीत उतर, आणि मगच एखादा पाय सोडव.