बारावी कुठून करायची? – परराज्यातील प्रवेशाचं गणित



दहावीचा निकाल लागला की आपल्या गडब, पेण, वडखळ भागातल्या बऱ्याच घरांत एकच चर्चा सुरू होते : "मुलाला कोट्याला पाठवायचं का?" फी, राहणं, जेवण याचा हिशोब सगळे करतात. पण एक प्रश्न राहून जातो. बारावीच्या गुणपत्रिकेवर कोणत्या राज्याचं नाव येणार? आजचा पाठ त्याच प्रश्नावर आहे.

१) एनआयटीमधील निम्म्या जागा

देशात ३१ एनआयटी आहेत. महाराष्ट्रात एकच, नागपूरची व्हीएनआयटी. पूर्वीची प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालये केंद्र आणि राज्य मिळून चालवत, म्हणून निम्म्या जागा त्या राज्यातील मुलांना असत. तीच पद्धत पुढे राहिली : साधारण ५० टक्के जागा 'होम स्टेट', ५० टक्के 'अदर स्टेट'. आयआयटीत मात्र असा राज्यनिहाय वाटा नाही.

आता गणित बघा. समजा एका शाखेत ६० जागा आहेत. त्यातल्या ३० परराज्यातील मुलांसाठी. या ३० जागांतही आरक्षण असतंच : अनुसूचित जाती १५, अनुसूचित जमाती ७.५, ओबीसी २७ आणि आर्थिक दुर्बल घटक १० टक्के. उरले ४०.५ टक्के, म्हणजे सुमारे १२ जागा. सुरतकल किंवा वरंगळला जायचं असेल, तर या १२ जागांसाठी आपली स्पर्धा त्या राज्याबाहेरच्या सगळ्या देशाशी आहे.

२) तुमचं 'होम स्टेट' कोणतं?

इथेच बहुतेकांची चूक होते. जन्म गडबचा, रेशनकार्ड गडबचं, मग होम स्टेट महाराष्ट्रच, असं आपण धरून चालतो. पण जेईईच्या प्रवेशात राज्य ठरतं ते बारावी पहिल्यांदा जिथून उत्तीर्ण झालात त्यावरून. कोट्यातील शाळेतून बारावी केली, तर तुमचं होम स्टेट राजस्थान. जयपूरची एनआयटी 'घरची' आणि नागपूरची 'परकी'!

याची दुसरी बाजूही समजून घ्या. डोलवीच्या पोलाद कारखान्यात कामाला आलेल्या परप्रांतीय कुटुंबातील मुलाने पेणला बारावी केली, तर एनआयटीसाठी त्याचं होम स्टेट महाराष्ट्र होतं.

३) मेडिकलचा नियम अधिक कडक

शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत एमबीबीएसच्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात, ८५ टक्के राज्याच्या. आपल्या अलिबागच्या महाविद्यालयातही तसंच. महाराष्ट्राच्या ८५ टक्क्यांसाठी रहिवास दाखला तर लागतोच, शिवाय दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून उत्तीर्ण असावी लागते. शासकीय कर्मचाऱ्यांच्या मुलांसारखे काही मोजके अपवाद आहेत. म्हणजे बारावी बाहेरून केली, तर घरापासून तासाभरावरच्या अलिबागच्या कॉलेजातही तुम्ही १५ टक्क्यांच्या रांगेत उभे राहता. आणि राजस्थानच्या राज्य कोट्यात तुम्हाला सहज घेतील, असंही नाही. मूल ना इकडचं, ना तिकडचं.

राज्याच्या अभियांत्रिकी प्रवेशात (लोणेरे, सीओईपी वगैरे) मुलाचा किंवा आईवडिलांचा रहिवास दाखला असेल, तर बाहेरून बारावी केलेल्यालाही मार्ग आहे. दोन्ही नियमांची गल्लत करू नका.

४) मग काय करायचं?

* शिकवणी कुठेही लावा, पण बारावीचा प्रवेश कुठे राहणार ते आधी ठरवा. आपल्याच कॉलेजला नाव ठेवायचं तर हजेरी आणि प्रात्यक्षिकं इथेच होतील ना, हेही पाहा.
* मागील वर्षांचे शेवटचे प्रवेशक्रमांक बघताना होम स्टेट आणि अदर स्टेट या रांगा वेगळ्या वाचा. प्रवर्गही तपासा.
* रहिवास दाखला, जातीचा दाखला ही कामं अकरावीतच उरका. जूनमध्ये सेतू केंद्रात गर्दी असते.
* नियम बदलतात. त्या वर्षीची माहिती पुस्तिका स्वतः वाचा, क्लासवाल्याच्या शब्दावर राहू नका.

क्लास बदलता येतो, गाव बदलता येतं. पण गुणपत्रिकेवर छापलेलं राज्य नंतर बदलता येत नाही.

स्वाध्याय : एका शाखेत ८० जागा आहेत. अदर स्टेटमधील खुल्या जागा किती? उत्तर काढा आणि आईबाबांना समजावून सांगा.