पोट भरले, तरी मृत्यू

ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी शेकडो मैलांचा कोरडा, विरळ वस्तीचा मुलूख आहे. त्याला आउटबॅक म्हणतात. आपली काही मुले त्या देशात कामाला आहेत, म्हणून हे आम्ही लिहीत आहोत.

१८६० साली बर्क व विल्स मेलबर्नहून निघून तो मुलूख ओलांडून गेले. परतताना १८६१ मध्ये कूपर क्रीक या नदीकाठी दोघेही मेले. पाणी तेथे होते! तेथील यांड्रुवांडा लोक त्यांना मासे आणि नार्डूच्या भाकऱ्या देत असत. पण बर्कने गोळी झाडल्यावर ते दूर गेले. मग यांनी स्वतःच नार्डू जमविले. हे चार पानांचे, पाण्यात वाढणारे नेचे. त्याच्याच कुळातले एक नेचे आपल्या भातखाचरांतही उगवते. यांड्रुवांडा बायका त्याचे दाणे भाजून, पाणी घालून वाटत असत. यांनी ती रीत नीट पाळली नाही. कच्च्या नार्डूतील द्रव्य ब-१ जीवनसत्त्व नष्ट करते, त्यामुळे पोटभर खाऊनही ते खंगत गेले, असे आज मानतात. सडीच्या पांढऱ्या तांदळावरच राहिल्यास होणारा बेरीबेरीही याच जीवनसत्त्वाच्या अभावाने होतो. त्यांचा सोबती किंग मात्र त्या लोकांच्या आश्रयाला गेला आणि वाचला.

हल्ली तेथे लोक मोटारीने जातात. गाडी बंद पडली तर ती सोडू नये, सावलीत थांबावे. विमानातून माणसापेक्षा गाडी लवकर दिसते. भरपूर पाणी बरोबर असावे, आणि तहान लागताच प्यावे. निघण्यापूर्वी वाट व पोहोचण्याचा दिवस कोणाला तरी सांगून ठेवावा.