गोधडी, धूळ आणि पहाटेची शिंक

आमच्या वसतिगृहातील एक जुना प्रसंग येथे नोंदविणे आम्हांस आवश्यक वाटते. चौथीतला एक मुलगा पावसाळ्यात रोज पहाटे उठताच शिंकांनी बेजार होई. रात्री त्याची छाती घरघरे. आम्ही ती सर्दी मानली आणि त्याच्या अंगावर आणखी एक गोधडी घातली. त्रास वाढला. दवाखान्यात नेल्यावर उमगले की जपायचे होते ते थंडीपासून नव्हे, त्या गोधडीपासूनच.

गोचीड व कोळी यांच्या कुळातील ‘माइट’ नावाचा, सुमारे पाव मिलिमीटर लांबीचा जीव अंथरुणात राहतो. ढेकणासारखा तो चावत नाही. आपल्या त्वचेचे गळालेले कण खातो. त्याच्या विष्ठेतील प्रथिने श्वासावाटे आत गेली की काहींना शिंका येतात, काहींना दमा उठतो. घरातील धूळ आणि हा जीव यांचा संबंध हॉलंडमधील लायडनच्या फोरहोर्स्ट व स्पीक्समा या संशोधकांनी 1960 च्या दशकात दाखवून दिला.

माइट पाणी पीत नाही, हवेतला ओलावा शोषतो. सापेक्ष आर्द्रता सतत 50 टक्क्यांखाली राहिली तर तो सुकून मरतो. मग आमच्या अवर्षणप्रवण इंदापूर तालुक्यात त्याचे फावते कसे? उत्तर अंथरुणातच आहे. आपला घाम व श्वास यांची ओल कापसाची गादी धरून ठेवते, आणि पावसाळ्यात नीराकाठच्या बंद खोल्यांत ती वाळत नाही.

विनयपिटकातील महावग्गात शिष्याची कर्तव्ये सांगताना गादी व उशी उन्हात वाळवून, झटकून मग आत आणावी, धूळ उडू नये म्हणून जमिनीवर पाणी शिंपडून झाडावे, असे सांगितले आहे. ही शिस्त आजही उपयोगी आहे. मात्र केवळ ऊन पुरत नाही. जाड गोधडीच्या आतल्या थरांत माइट तग धरतात, आणि मेलेल्या माइटचे अवशेषही त्रास देतातच. म्हणून चादरी, अभ्रे आठवड्यातून एकदा 60 अंश सेल्सिअसच्या, म्हणजे हाताला सोसवणार नाही इतक्या गरम पाण्यात मोठ्या माणसांनी धुवावेत. गादीला व उशीला घट्ट विणीची, पूर्ण बंद होणारी खोळ घालावी. केर ओल्या फडक्याने काढावा. झटकणे-झाडणे चालू असता त्रास असलेल्या मुलास तेथे थांबू देऊ नये. आमच्याकडे पूर्वी नेमके त्यालाच पाळीचे झाडू मिळे! चुलीच्या वा पाचट जाळल्याच्या धुरानेही दमा बळावतो, तेव्हा सारा दोष माइटवर टाकू नये. डॉक्टरांनी दिलेला इन्हेलर ‘सवय लागेल’ या भीतीने पालकांनी परस्पर बंद करू नये, ही आमची कळकळीची विनंती.

त्या मुलाची गोधडी आईच्या लुगड्यांची होती. ती टाकून द्या, असे सांगणे आम्हांस जमले नाही. टाके उसवून थर वेगळे केले, उकळत्या पाण्यातून काढले, कडक उन्हात वाळवले आणि दोनच थरांची पातळ गोधडी पुन्हा शिवून घेतली. दहावीपर्यंत तो तीच पांघरत होता.